बुढी आणि वडनेरची विहीर

पिपरी मेघे

निवृत्त झालेली माणसं काशीला जातात, नाहीतर मुलाकडे अमेरिकेत. मी जानेवारीत वर्धा जिल्ह्यात गेले, पाच दिवसांसाठी. शेजारच्यांनी विचारलं तेव्हा "तिकडे ओळखीचे आहेत" एवढंच सांगितलं. खरं कारण तोंडानं उच्चारलं असतं तर त्याच दमात तिकीट रद्द केलं असतं, इतपत मी स्वतःला ओळखते.

वडनेर गावात सुखदेव मून नावाचे गृहस्थ राहतात. त्यांना मला एक गोष्ट सांगायची होती. बावीस वर्षांपूर्वी जी चूक त्यांच्या नावावर मांडली गेली ती माझी होती, एवढीच ती गोष्ट. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी पाच दिवसांचे कपडे घेऊन निघाले, यावरूनच माझ्या धाडसाची कल्पना यावी.

आधी चूक काय होती ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. अंदमानच्या समुद्रात पाण्याखाली एक ज्वालामुखी आहे. मी समुद्रतळाची भूशास्त्रज्ञ होते, आणि आमच्या नकाशावर त्याला नाव नव्हतं, नुसता आकडा होता. समुद्राच्या तळावरून तो उभा राहिला आहे, सह्याद्रीतल्या गडांनी मान खाली घालावी एवढा. पण त्याचं टोकसुद्धा पाण्याच्या पुष्कळ खाली. तो कुणी पाहिलेला नाही. आम्हीही नाही पाहिला. जहाजावरून आवाज खाली सोडायचा, तो आपटून परत यायचा, आणि कागदावर सुई डोंगर काढत जायची. महिनाभर आम्ही त्याच्या डोक्यावरून फिरत होतो आणि समोर दिसायचं नुसतं निळं, सपाट पाणी. मून आमच्या जहाजावर तंत्रज्ञ होते. त्यांनी त्या ज्वालामुखीला नाव ठेवलं 'बुढी'. त्यांच्या मते ती गोधडीखाली कुरकुरत पडलेली म्हातारी होती, मधूनच उठून चुलीतली राख उधळणारी.

ती राखच तर आम्हाला हवी होती. ज्वालामुखी फुटला की राख पाण्यात पसरते, हळूहळू तळाशी बसते, तिच्यावर चिखल साचतो, पुन्हा फुटला की पुन्हा राख. हजारो वर्षं असं चाललेलं. समुद्रतळात लांब नळी खुपसून ती वर काढली की तिच्यात चिखल आणि राखेचे थर एकावर एक मिळतात. खालचे जुने, वरचे नवे. बुढी कधी उठली, कधी निजली, ते त्या थरांत लिहिलेलं असतं. नळीचे मीटर-मीटरचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर वरच्या दिशेला तोंड असलेला बाण काढायचा, आणि बाण बघून मून तुकड्याच्या दोन्ही टोकांना टोप्या बसवायचे, वर लाल, खाली पांढरी. बाण काढायचं काम माझं.

तिसरा तुकडा उलटा गेला. राखेचे बहुतेक थर नेमके त्यातच होते, त्यामुळे बुढीचा इतिहासही उलटला. खरं तर तळाच्या जुन्या थरांत राख पातळ आणि लांब लांब अंतरानं होती आणि वर येता येता थर जाड, जवळजवळ होत गेले होते. म्हणजे बुढीचा जोर वाढत चालला होता. आम्हाला दिसलं ते असं, की आधी जोर होता आणि मग ती थंडावत गेली. जोडावर थर जुळेनात, तर 'मधे तळाचा चिखल घसरला असावा' असं म्हणून आम्ही मोकळे झालो. ज्वालामुखी निजला, असा लेख छापून आला. दोन वर्षांनी दुसऱ्या जहाजानं दुसरी नळी काढली आणि आमचं पितळ उघडं पडलं. लेख मागे घ्यावा लागला. चौकशीत ठरलं, टोप्या बसवणाऱ्यानं चूक केली. मला विचारलं, बाण कसे काढले होते? मी म्हणाले, नियमाप्रमाणे. मून यांना जहाजावरून उतरवून गोदामात बसवलं. वर्षभरात ते स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी गेले, आणि मी पुढे बरीच वर चढले.

सकाळी सेवाग्राम स्टेशनवर उतरले तेव्हा धुकं एवढं दाट होतं की फलाटाचं दुसरं टोक नव्हतंच. त्या धुक्यातून एक मुलगी स्कूटी ढकलत आली आणि म्हणाली, "तुमीच न बाबांच्या मॅडम?" मून यांची लेक, प्रज्ञा. वय सत्तावीस, सावंगीच्या एका दवाखान्यात रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला, राहते पिपरी मेघेत. वडनेरला जायच्या आधी एक दिवस माझ्याकडे राहा, असा तिनंच फोनवर हट्ट धरला होता. तिच्या मागे बसून मी चालले. दोन्ही बाजूंनी नवीन बांधलेली घरं, प्लॉटचे दगड आणि मधेच एखादं तुरीचं शेत धुक्यातून वर येत होतं आणि पुन्हा बुडत होतं. मला क्षणभर वाटलं, पाण्याखाली उतरले की असंच दिसत असणार, आणि ते वाटणं पुढचे चारही दिवस माझ्याबरोबर राहिलं.

दुपारी तिनं सांबारवडी करून वाढली. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बाहेरून बेसनाची खुसखुशीत पारी, आत कोथिंबीर, खोबरं, खसखस, आणि वरून कढी. आमच्या पुण्याच्या कोथिंबीरवडीला हे दाखवलं तर ती लाजून परत डब्यात जाऊन बसेल. मी चौथी वडी उचलली होती तेव्हा प्रज्ञा सहज म्हणाली,

"मॅडम, बाबांनी टोपी उलटी लावली होती, ते तुमच्याच टायमाले झालं होतं न?"

"तुला माहीत आहे?"

"आमच्या घरी तं म्हणच आहे ते. लहानपणी मी स्वेटर उलटा घातला का आई म्हणे, गेली बापावर!" ती हसली. इकडच्या बायका 'मी करतो, मी जातो' असं पुरुषासारखं बोलतात, ते तिच्या तोंडी फार गोड वाटत होतं. "म्हणून मी लॅबमधे प्रत्येक नळीवरचं लेबल दोनदा वाचतो. बाबा म्हणते, आपल्या हाताची चूक आपल्याले दिसत नाई, म्हणून दुसऱ्यांदा पाहाचं."

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण आधी बापाला, मग लेकीला, असा क्रम मी मनाशी लावला. क्रम लावण्यात मी पहिल्यापासून हुशार. तोंडात वडी होती, ती चावत राहिले.

वडनेर

दुसऱ्या दिवशी हिंगणघाटला बस बदलून वडनेरला पोचले. वाटेत धुकं उठलं आणि काळी जमीन दिसायला लागली. आयुष्यभर मी समुद्रतळाचा चिखल डब्यांतून, बाटल्यांतून पाहिला. इथे तो काळा, चिकट, भेगाळलेला असा क्षितिजापर्यंत पसरला होता आणि त्यावर गहू डोलत होता. शेवटची वेचणी राहिलेला कापूस झाडांवर लोंबत होता. खरं म्हणजे ही माती समुद्राची नव्हे, ती लाव्ह्याची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून थरावर थर लाव्हा वाहिला, त्याचा खडक झाला, खडकाची माती झाली, आणि मातीत कापूस आला. बुढीपेक्षा कितीतरी मोठा कारभार. मी शाळेपासून हे शिकत आणि नंतर शिकवत आले, पण खिडकीला डोकं टेकून त्यावरून जाताना प्रथमच वाटलं, की मी ज्वालामुखीच्या अंगावरच आहे आणि तो खरोखर निजलेला आहे.

मून थांब्यावर उभे होते. केस पांढरे, पाठ ताठ, स्वेटरवर मफलर.

"जय भीम, मॅडम. लय वाळल्या तुमी!"

"जय भीम, मून," मी म्हणाले. जहाजावर मी त्यांना नुसतं मूनच म्हणायची. मी हुद्द्यानं वर होते आणि वयानं चार वर्षं लहान. दोन्ही गोष्टींचा माज होता. तोंडाला तेच वळण.

घर सिमेंटचं, नीटनेटकं, पुढे अंगणात तुळतुळीत सारवलेला भाग आणि त्यावर वाळत घातलेल्या मिरच्या. दारात त्यांच्या पत्नी कुसुमताई होत्या. मी पाणी प्यायला माठाकडे गेले आणि थबकले. माठावर खडूनं एक बाण काढलेला होता, तोंड वर. धान्याच्या कोठीवर बाण. लोणच्याच्या बरणीवर बाण. मोटारसायकलच्या तेलाच्या डब्यावर, कीटकनाशकाच्या बाटलीवर, भिंतीला लावलेल्या विजेच्या पेटीवर.

"पाह्यलं, बाई?" कुसुमताई म्हणाल्या. "हा मानूस बरनीवरबी बाण काढते. बरनी उलटी करून कोनी लोनचं ठेवते का?"

"राहू दे न," मून हसून म्हणाले. "काढला तं काय बिघडते?"

आम्ही तिघंही हसलो. माझं हसणं लवकर संपलं. पान वाढलं होतं. हिरव्या तुरीच्या दाण्यांना इकडे सोले म्हणतात. त्यांची झणझणीत रस्साभाजी, ज्वारीची भाकर, कांदा. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं ते बरं झालं, कारण ते कशानं आलं हे कुणी विचारत नाही.

जेवून अंगणात उन्हाला बसलो. मून जहाजाच्या गोष्टी सांगायला लागले. त्यांना सगळं आठवत होतं, कोण कुठल्या कप्प्यात झोपायचं, कुठल्या दिवशी नळी वाकडी वर आली, मला किती वेळा ओकारी झाली. पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हाचं सांगत होते.

"मले वाटलं, बापा! एवढं पानी, अन् वलीत करता येत नाई!"

ओलीत, म्हणजे शेताला पाणी देणं. सगळा समुद्र पाहून शेतकऱ्याच्या पोराला आधी ते आठवलं. मी खूप हसले आणि त्या हसण्याच्या आडोशाला बसून राहिले. पुढ्यात माझी पिशवी होती. पिशवीत जहाजावरची माझी वही होती. दिवाळीत माळा आवरताना ट्रंकेतून काढली होती. त्या दिवसाच्या पानावर तिसऱ्या तुकड्याचं चित्र आहे, माझ्या अक्षरात, आणि बाणापुढे लिहिलंय 'खाली'.

ही चूक आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकते. समुद्रावर येण्याआधी मी डोंगरात काम केलं होतं. तिथे दगडावर बाण काढतात तो उताराकडे तोंड करून, खडक कुठे झुकलाय ते दाखवायला. जहाजावरचा बाण वर बघतो. त्या दिवशी समुद्र खवळलेला, मी सलग दुसऱ्या पाळीवर, पोटात अन्न ठरत नव्हतं, आणि हातानं जुन्या सवयीनं बाण उताराकडे काढला. एकाच तुकड्यावर. मून यांनी बाण पाहून टोपी लावली. त्यांनी त्यांचं काम अचूक केलं होतं.

मी तोंड उघडलं तेवढ्यात मून उठले. "उद्या गिरड पाहू," म्हणाले. "तुमच्यासारख्या मानसानं ते पाह्यलंच पाहिजे."

गिरड

साठीच्या बाईनं मोटारसायकलच्या मागे बसून पन्नास-साठ किलोमीटर जायचं म्हणजे काय, ते माझी कंबर सांगेल. वाटेत समुद्रपूर लागलं. तालुक्याचं गाव, बाजार, बसस्थानक, कापसाच्या गाड्या, आणि कुठल्याही दिशेला शेकडो मैल समुद्र नाही. मून म्हणाले, जहाजावर कुणी गाव विचारलं की ते मुद्दाम 'समुद्रपूरच्या बाजूचा' असं सांगत, आणि गोव्याची पोरं आदरानं बघत.

गिरडच्या टेकडीवर दर्गा आहे. हिंदू, मुसलमान, बौद्ध, सगळेच येतात. खाली कोवळ्या उन्हात चादरी, फुलं, रेवड्या विकणाऱ्यांची रांग, आणि एका म्हाताऱ्या बाईपुढे टोपलीत गोल गोल दगड. सुपारीएवढे, जायफळाएवढे, काही हुबेहूब जायफळासारखे सुरकुतलेले.

"घे न बाई, दगडाचं जायफळ," ती म्हणाली, आणि न विचारता गोष्ट सांगायला लागली. एक व्यापारी बैलांवर जायफळ, सुपारी लादून चालला होता. दर्ग्याच्या बाबांनी विचारलं, पोत्यात काय आहे? व्यापारी म्हणाला, दगड. बाबा म्हणाले, बरं. पुढच्या मुक्कामाला पोती सोडली तर सगळे दगड. "लपवलं का माल दगडच होते, बाई," ती म्हणाली आणि एक जायफळ माझ्या हातावर ठेवलं.

मला ठाऊक होतं ते काय आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. पुढे लाखो वर्षं पाणी झिरपतं आणि त्या पोकळ्यांत खनिजं भरत जातात. आजूबाजूचा खडक झिजला की आतले गोळे सुटे होऊन पडतात. बुढीच्या अंगावरून खरवडून काढलेल्या दगडांतही असे बुडबुडे होते. फक्त तिचे अजून रिकामे होते. हे सगळं मी त्या बाईला सांगू शकले असते. पण तिचं म्हणणं मला माझ्या म्हणण्यापेक्षा जास्त खरं वाटत होतं, म्हणून दोन जायफळं विकत घेतली आणि गप्प बसले.

टेकडी उतरताना त्याच गोल दगडांवरून माझा पाय सटकला. बसकण मारली ती थेट आठ-दहा हात खाली. गुडघा सोलवटला, चप्पल तुटली. मून धावत आले, बाटलीतलं पाणी गुडघ्यावर ओतलं, मफलर फाडून बांधली. मी "अहो मून, मफलर कशाला" म्हणत होते.

"आता कायले मून म्हन्ता, मॅडम," ते गाठ मारत म्हणाले. "जहाज तं राह्यलं नाई. भाऊ म्हना."

मी भाऊ म्हणाले. ते म्हणायला सोपं होतं, पण पुढचं सांगणं मात्र दुपटीनं अवघड होऊन बसलं. परत येताना संपूर्ण रस्ताभर त्यांच्या उघड्या गळ्याला वारा लागत होता आणि मी मागे तुटकी चप्पल हातात धरून बसले होते.

विहीर

चौथ्या दिवशी सकाळी सुखदेवभाऊंनी मला शेतातल्या विहिरीवर नेलं. तिचा गाळ काढायचा होता म्हणून पंप लावून पाणी बरंच उपसलं होतं. आत उतरायला दगडी पायऱ्या होत्या, पुढे लोखंडी शिडी. माझा गुडघा कुरकुरत होता तरी उतरले. भाऊ पुढे, हातात एक जाड रजिस्टर.

जसजसं खाली जावं तसा उजेड हिरवा होत गेला. वरचा पंप बंद केल्यावर इतकी शांतता झाली की भिंतीतून झिरपणारा एकेक थेंब वेगळा ऐकू येत होता. भिंतीवर पाण्याचं प्रतिबिंब हलत होतं. आयुष्यभर ज्या तळाची मी कल्पना केली तो असाच असणार, गार आणि कुणाची वाट न बघणारा. मला तिथून वर येऊच नये असं वाटलं, हे खरं सांगते.

भाऊंनी रजिस्टर उघडलं. त्यांनी विहिरीचा इतिहास लिहून ठेवला होता, आम्ही जहाजावर लिहायचो तसाच, फूट-फूट मोजून. वर काळी माती, मग मुरूम, मग अखंड काळा खडक. खालच्या भिंतीत राखाडी मातीचा पट्टा, आणि त्यात बोटाच्या पेराएवढे दगड झालेले गोगलगायीचे शंख. त्याखाली भाजल्यासारखी लाल माती आणि पुन्हा काळा खडक, लाव्ह्याच्या आधीच्या खेपेचा.

"म्हंजे एथी तळं होतं," भाऊ म्हणाले. "गोगलगाई होत्या. मंग तळ्यात लाव्हा आला. हे पाहा न."

राखाडी पट्ट्याच्या वर, काळ्या खडकाच्या बुडाशी, उशा रचून ठेवाव्यात तसे गोल दगड एकमेकांवर बसले होते. मी हात लावला आणि हात काढवेना. पाण्यात शिरलेला लाव्हा असाच होतो. गरम तेलात भज्याचं पीठ सोडलं की त्याला लगेच साल येतं, तसं पाण्यात लाव्ह्याला साल येतं, आणि त्याचे गोळे होतात. बुढी ज्या गोळ्यांची बनली आहे ते मी कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. नुसते तुटके तुकडे दोरखंडाला बांधलेल्या जाळीतून वर आले होते. इथे वडनेरच्या विहिरीत ते जागच्या जागी होते.

"अन् गंमत पाहा," भाऊ एका गोळ्यावरून बोट फिरवत म्हणाले. "डोकं गोल, अन् खाली शेपूट, खालच्या दोघांच्या फटीत घुसलेलं. वर कोनतं, खाली कोनतं, दगडच सांगते. याच्यावर कोनाले बाण काढा लागत नाई. कोनी चुकूच शकत नाई."

"भाऊ," मी म्हणाले, "तो बाण मी उलटा काढला होता. तिसऱ्या तुकड्यावरचा. तुम्ही टोपी बरोबर लावली होती."

पिशवीतून वही काढून पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी वही हातात घेतली. चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग वही मिटून माझ्याकडे दिली आणि भिंतीकडे पाहत म्हणाले,

"चौकशी झाल्यावर मी तुमच्या केबिनमंदी आलतो. आठवते तुमाले?"

"आठवतं."

"माफी मागाले आलतो. म्हनलं, मॅडम, माह्या हातानं तुमचं नाव खराब झालं."

"हो."

"तुमी म्हनल्या, जाऊ दे मून, मी माफ केलं."

"म्हणाले होते," मी म्हणाले.

ते शिडी चढून वर गेले. मी खाली त्या उशांपाशी उभी राहिले. पायाशी पाणी हळूहळू चढत होतं आणि माझ्या बोटांना लागलं तेव्हा मी शिडीला हात घातला. वर आले तर ते काठावर बसले होते, दोन्ही तळहात उताणे मांडीवर ठेवून.

"वही पाहून समजलं तुमाले, का आधीच माहीत होतं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. "खात्री आत्ता दिवाळीत झाली," मी म्हणाले. "संशय चौकशीच्या दिवसापासून होता. म्हणूनच तोवर वही कधी उघडली नाही."

त्यांनी तळहात उलटे केले, पुन्हा सुलटे केले. "बावीस वर्सं मी हे हात तपासून राह्यलो, मॅडम. पोरीले शाळेत सोडाले जाओ, तं हात सोडाच्या आधी पाहो, का तिचाच हात आहे न. कुसुम हासे. तुमाले समजते का हे?"

मला समजत होतं आणि तसं म्हणायची मला लाज वाटली. शेतात कुठेतरी पोपट ओरडत होते. मग त्यांनी वेगळ्याच आवाजात विचारलं,

"बुढी कशी आहे मंग? खरं काय निघालं तिचं?"

बावीस वर्षांत कुणीच त्यांना ते सांगितलं नव्हतं. गोदामात बसवलेल्या माणसाला कोण सांगणार? मी सांगितलं. तिसरा तुकडा सुलटा धरला की सगळं जुळतं. बुढी थंडावत नव्हती, ती वाढत होती. प्रत्येक खेपेला राख जास्त, मधली झोप कमी. कधीतरी, आपल्या कुणाच्या हयातीत नाही, ती पाण्यावर डोकं काढेल आणि तिथे बेट होईल.

"म्हंजे आपन तिच्या डोक्यावर होतो तवा ते जागी होती?"

"जागी होती."

त्यांनी मान हलवली. चेहरा पुष्कळ वेळानं जरा सैल झाला. मग उठून धोतराची माती झटकली. "माह्या पोरीले सांगाचं," ते म्हणाले. "माह्यासमोर. उद्या मी येतो तुमच्यासंगं पिपरीले."

घरी कुसुमताईंना त्यांनीच सांगितलं, दोन वाक्यांत. ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवी उचलून निघायच्या बेतात होते. "बसा," त्या म्हणाल्या. "राग आपल्या जागी, जेवन आपल्या जागी." त्या दिवशी त्या माझ्याशी दुसरं काही बोलल्या नाहीत. भाकरी मात्र गरम वाढत राहिल्या.

पुन्हा पिपरी मेघे

बसमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो, हिंगणघाटपर्यंत आणि मग वर्ध्यापर्यंत. बाहेर पुन्हा धुकं होतं. त्यातून कापसाचे ढीग, हरभऱ्याची शेतं, एखादा थांबा, मफलरी बांधलेली माणसं येत होती आणि जात होती. परत गेल्यावर माझ्या जुन्या कार्यालयाला काय लिहायचं त्याचा मजकूर मी मनात जुळवत होते. ते पत्र मी घरी पोचल्याच्या दिवशी पाठवलं, वहीच्या पानासकट. उत्तर अजून आलेलं नाही, पण निदान त्या फायलीत आता एक कागद खरा आहे.

प्रज्ञा पाळी संपवून पाच वाजता आली. बापाला बघून चकित झाली, चहा टाकला. मी तिला बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. या वेळी अर्धं मिनिटच लागलं.

तिनं वही ओढून घेतली. पान वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"काऊन नाई सांगितलं?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मला तिच्याकडे बघवेना. "एवढे वर्षं?"

"आधी भीती वाटली," मी म्हणाले. "नंतर हळूहळू ते तसंच राहिलेलं बरं वाटायला लागलं."

"आमच्या घरी ते हसायची गोष्ट होती, मॅडम. मी माझ्या मैत्रिणींना सांगत होतो." तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते रागानं पुसले. "बाबांच्या चुकीची गोष्ट सांगून मी हसत होतो."

"पोरी, चहा उतू जाऊन राह्यला," भाऊ म्हणाले.

ती उठली नाही. "बाबा, तुम्ही यांची माफी मागितली होती?"

"हो न. अन् यायनं देल्ली बी."

चहा खरंच उतू गेला. मीच उठून गॅस बंद केला, कप भरले, आणि त्यांचा कप त्यांच्यापुढे ठेवताना, सगळ्या प्रवासात पहिल्यांदाच काही न जुळवता बोलले. म्हणाले, "भाऊ, ती माफी मला परत करायची आहे. ती द्यायला माझी नव्हतीच."

सुखदेवभाऊंनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला.

"परत कायले करता, मॅडम?" ते म्हणाले. "राहू द्या तुमच्याजवळच. आता तुमालेच लागन."